गुडघाभर पाणी

ठाणे, ता. ४ फेब्रुवारी १८८९

रा. रा. विश्राम रघुनाथ, शिरस्तेदार, कल्याण, यांस,

आठ वर्षांनी लिहितो आहे. शाळेत एका बाकावर बसत होतो तेव्हा तुम्हाला नुसते विश्राम म्हणत असे. आता तुम्ही कचेरीत शिरस्तेदार आहात आणि दोन कादंबऱ्यांचे कर्ते आहात. मी होतो तेथेच आहे, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. तुमची दोन्ही पुस्तके आमच्याकडेच छापली गेली. 'रेमेत' मी जुळवली होती. दिवाळीत निघालेली 'पतनमार्ग अथवा शिकलेल्या स्त्रीचा अंत' माझ्या शेजारी काम करणाऱ्या दगडूने जुळवली. मला ती बांधून झाल्यावर वाचायला मिळाली.

काम एवढेच आहे. माझी बहीण क्लेमेंटिना तुम्हाला आठवत असेल. कोपरीच्या मुलींच्या शाळेत ती पाच वर्षे शिकवते. शाळा पाच गृहस्थांच्या मंडळाची आहे. गेल्या गुरुवारी मंडळाचे चिटणीस वर्गात आले आणि मुलींसमोर तिला म्हणाले, "बाई, फळ्यावर काहीतरी लिहा पाहू."

"काय लिहू?"

"काहीही. तुमचं नाव लिहा."

तिने लिहिले. त्यांनी अक्षराकडे पाहिले नाही, हाताकडे पाहिले. "हं," म्हणाले, "डावाच." आणि गेले.

'पतनमार्ग'मधल्या तुमच्या इस्तेरला दुसरी खूण नाही. ती ठाण्याच्या खाडीकाठची ख्रिस्ती मास्तरीण आहे आणि डाव्या हाताने लिहिते. त्या हाताने ती एका परक्या बिऱ्हाडकरूला चिठ्ठ्या लिहिते, मग ज्या व्हायच्या त्या गोष्टी होतात, आणि शेवटी ती खडवलीच्या नदीत जीव देते. ठाण्यापासून खडवलीपर्यंत डावखुरी ख्रिस्ती मास्तरीण एकच आहे. तिने कोणाला चिठ्ठी लिहिलेली नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे.

९ मार्चच्या शनिवारी मंडळाची सभा आहे. तिला ठेवायचे की काढायचे, हा एकच विषय. तुमच्या सहीच्या दोन ओळी हव्यात: पुस्तकातली बाई कल्पित आहे, कोपरीच्या शाळेतल्या बाईंशी तिचा काही संबंध नाही. यापेक्षा जास्त काही नको.

शेवटी लोभ असावा असे लिहायची रीत आहे. दोन ओळी आल्या तर लोभही आला असे समजेन.

कॉस्मास


ठाणे, ता. १४ फेब्रुवारी

दहा दिवस झाले. कल्याणचे टपाल दुसऱ्या दिवशी पोचते.

मी चिटणिसांकडे 'रेमेत' घेऊन गेलो होतो. म्हटले, याच लेखकाने याच खाडीकाठच्या मुलीवर आधी हे लिहिले आहे, मंडळाने हेही वाचावे. ते म्हणाले, "वाचलंय हो मी. छान आहे. पण तेव्हा लेखक पंचविशीचा होता. आता त्याला जग कळलंय."

म्हणून दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पुन्हा वाचली. जग नेमके कोणत्या पानावर कळले ते शोधत होतो.

रेमेत सुंदर आहे असे 'रेमेत'मध्ये कोठेही लिहिलेले नाही. मिठाने तिच्या टाचांना भेगा पडल्या आहेत, हे तिसऱ्या पानावर आहे. पाटीला हात लावण्याआधी ती हात लुगड्याला पुसते, मग पाटी पुसते, मग पुन्हा हात पुसते. इस्तेरच्या केसांना दीड पान दिले आहे. ती काय शिकवते, मुली किती, त्यांची नावे काय, यातले काहीही दोनशे बारा पानांत नाही. तिच्या बोटांना एकदाही खडू लागलेला नाही.

रेमेत वाचायला शिकते ती मिठागराच्या कोठीवरची नोटीस वाचण्यासाठी. नोटिशीत लिहिले आहे एक आणि कारकून सांगतो दुसरे, हे तिला कळते. ती सगळ्या बायकांना बोलावून नोटीस मोठ्याने वाचते. इस्तेर वाचते ती चिठ्ठी, आणि लिहिते तीही चिठ्ठीच. सात वर्षांत तुमचे मत असे झालेले दिसते की बाईला अक्षर आले म्हणजे तिला दुसरे काही सुचत नाही.

'रेमेत'मध्ये तो खोटे सांगणारा कारकूनसुद्धा जेवायला बसला की कावळ्याला घास टाकतो. तेवढ्याने तो चांगला होत नाही, पण माणूस होतो. 'पतनमार्ग'मध्ये एकही चांगले माणूस नाही. चांगला फक्त लेखक आहे, आणि तो दर प्रकरणाच्या अखेरीस येऊन तसे सांगतो.

खिळ्यांचे सांगतो, कारण मला कळते ते तेवढेच. आमच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक चिन्हाला एक घर असते. 'रेमेत' जुळवताना पूर्णविरामांचे घर सारखे रिकामे व्हायचे, वाक्ये इतकी लहान. 'पतनमार्ग'च्या वेळी उद्गारचिन्हे संपली. मुंबईहून मागवावी लागली. ती येईपर्यंत चार दिवस इस्तेर अर्धा उसासा टाकून फर्म्यात, जुळवलेल्या पानांच्या चौकटीत, उभी होती.

आणि शेवट. चैत्र वद्य पंचमीला इस्तेर खडवलीच्या नदीत उडी घेते. 'अथांग जलराशी', असे तुम्ही लिहिले आहे. विश्रामराव, चैत्रात त्या नदीला गुडघाभर पाणी असते. एका लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर मी तेथे गेलो होतो. बैल नदीच्या मधोमध बसले होते आणि त्यांची पाठ कोरडी होती. तुम्ही कल्याणला राहता. खडवली तेथून जवळ. एका रविवारी जाऊन पाहिले असतेत तर बाईला दुसरा उपाय शोधावा लागला असता.

'रेमेत'च्या शेवटाबद्दल मी लिहीत नाही. त्याबद्दल आपण दोघेही लिहीत नाही.

सभेला तेवीस दिवस आहेत.

कॉस्मास


ठाणे, ता. २५ फेब्रुवारी

काल तुम्ही मला ओटीवर बसवलेत. पाणी वेगळ्या भांड्यातून दिलेत. त्याचे मला काही वाटले नाही. 'रेमेत'च्या अकराव्या प्रकरणात तुम्ही हेच भांडे फार चांगले लिहिले आहे.

आपले बोलणे लिहून ठेवतो, कारण तुम्ही ते पुढे वेगळे सांगाल.

तुम्ही म्हणालात, "अरे कॉस्मास, कादंबरी ती कादंबरी. लोक वेडे आहेत, त्याला मी काय करू?"

मी म्हटले, "दोन ओळी लिहा."

"आज लिहिलं की ती ही नव्हे, तर उद्या विचारतील, मग कोण? प्रत्येक डावखुऱ्या बाईला दाखले देत बसू?"

"एकच आहे."

"मग तिला म्हणावं, थोडे दिवस उजव्या हाताने लिही." आणि हसलात.

मीही हसलो. का हसलो ते गाडीत बसेपर्यंत मला कळले नाही.

मग तुम्ही उठून दार लोटलेत आणि आवाज खाली आणलात. "त्या पानाबद्दल कोणाला बोललायस?"

"नाही."

"तुझं ते पान चांगलं होतं. मी नाही म्हणत नाही. पण आठ वर्षं लोक मला त्या एका पानावरून ओळखतात. लग्नाला जा, कचेरीत जा, 'काय शेवट केलात हो.' बाकीची दीडशे पानं कोणी वाचलीयत की नाही कोण जाणे. म्हणून म्हटलं, दुसरं पुस्तक तरी अखेरपर्यंत माझं असू दे. तू तरी असं परस्पर छापायला नको होतंस."

परस्पर नव्हे. त्या वर्षी फाल्गुनात काय झाले ते तुम्ही विसरलेले दिसता. शेवटचा फर्मा जुळून बांधलेला होता. त्यात दीड पान कोरे. शेवट तुम्ही तोंडी सांगितला होता, रेमेत खाडीत जीव देईल, दोन दिवसांत लिहून पाठवतो. मग तुमची बदली झाली. दोन दिवसांचे वीस झाले. पाडव्याच्या आत पंचांग छापायचे होते आणि आमच्याकडे खिळे मोजकेच. तो फर्मा छापून सोडवल्याशिवाय पंचांगाला अक्षरे मिळेनात. मालक म्हणाले, "शेवट नसला तर 'समाप्त' घाला आणि मोकळं करा." मी 'समाप्त' घातले नाही. दीड पान घातले.

त्या दीड पानात रेमेत मरत नाही. शाळा बंद पडते. दुसऱ्या दिवशी ती एक चटई घेऊन मिठागराच्या बांधावर जाते, ती पसरते आणि मागून आलेल्या मुलींना म्हणते, "बसा. ओल आहे, तरी बसा." येथे पुस्तक संपते.

तुमचा शेवट त्यानंतर तीन आठवड्यांनी आला. तोवर पुस्तके बांधून झाली होती. तुम्ही छापखान्यात आलात, उभ्याने ते पान वाचलेत, आणि म्हणालात, "आता राहू दे." मग पुण्याच्या वर्तमानपत्राने लिहिले की असा शेवट मराठीत झाला नाही, लेखकाला गप्प बसता येते. तुम्ही तेव्हा गप्प बसलात. हे मात्र त्याने खरे लिहिले होते.

तुमचा तो जुना शेवट वाया गेला नाही म्हणा. 'पतनमार्ग'मध्ये खाडी काढून नदी घातलीत, फाल्गुन काढून चैत्र. भरतीचे पाणी मात्र खाडीचे तसेच राहून गेले.

निघताना तुम्ही म्हणालात, "बघतो."

कॉस्मास


ठाणे, ता. १ मार्च

'पतनमार्ग' दगडूने जुळवली असे मी पहिल्या पत्रात लिहिले ते खोटे आहे. मी जुळवली. सगळी. प्रुफेही मीच पाहिली. उद्गारचिन्हांचे वाचून तुम्हाला ते कळलेच असेल. क्लेमेंटिनाला अजून ठाऊक नाही. तिलाही मी दगडूचेच नाव सांगितले आहे. दगडू तिला बिचारा 'बाई, बाई' म्हणून दारात भेटतो आणि ती त्याच्याशी बोलत नाही.

डावा हात चौथ्या प्रकरणात येतो. त्या आधी इस्तेर नुसती 'लिहिते'. तुमच्या कागदावर मी ती ओळ वाचली आणि थांबलो. 'डाव्या' एवढा एक शब्द. तो गाळला असता तर ओळीतली जागा भरायला मला दोन पट्ट्या पुरल्या असत्या. तुम्हाला प्रुफात कळलेही नसते. पुढे तो हात आणखी सहा ठिकाणी आहे. सहा ठिकाणी गाळता आला असता.

गाळला नाही. मी ठरवले होते की तुमच्या पुस्तकात पुन्हा हात घालायचा नाही. एकदा घातला होता. एका चांगल्या पानाचे तुम्हाला एवढे दुःख झाले की आठ वर्षे तुम्ही माझे तोंड पाहिले नाहीत. म्हणून या वेळी कागदावर होते तसे जुळवले. अक्षर न अक्षर. इतके काळजीचे काम मी दुसरे केलेले नाही. त्या पुस्तकात छपाईची एक चूक सापडायची नाही तुम्हाला.

काल सखुबाई घरी आली होती, खालच्या आळीची. तिची नंदा वर्गात पहिली आहे. सखुबाई आत आली नाही, उंबऱ्यात उभी राहिली.

"मास्तरीण बाय, माजी नंदा उद्यापासून येनार नाय."

"का गं सखुबाई?"

"लोका बोलतान. त्या पुस्तकान तुमचा लिवलाय म्हनं."

"तू वाचलंस?"

"मना कुटं वाचता येतं? नंदानंच चार पानं वाचून दाखवली. धडाधडा वाचते पोर, कुटं अडत नाय." हे सांगताना तिला अभिमान आवरला नाही. मग ती खाली पाहू लागली. "तुमीच शिकवलाव तिला, ता काय मी विसरनार नाय. पन तिचा बापूस ऐकत नाय."

ती गेल्यावर क्लेमेंटिना म्हणाली, "जोडाक्षरंसुद्धा अडली नाहीत तिला." आणि भात उपसायला उठली.

सव्वीसपैकी पंधरा मुली उरल्या आहेत. दोन ओळी, विश्रामराव.

कॉस्मास


ठाणे, ता. ७ मार्च

विश्राम,

परवा सभा आहे. तुम्ही-आम्ही राहू दे. आता जे लिहायचे ते तुलाच लिहिता येईल.

ते दीड पान मी लिहिलेले नाही.

ओटीवर तू "तुझं ते पान" म्हणालास तेव्हा मी बोललो नाही. आठ वर्षे बोललो नाही. तू मला चोर समजत होतास, पण लिहिता येणारा चोर समजत होतास, आणि तेवढे मला पुरत होते. खिळे जुळवणाऱ्याला दुसऱ्याची वाक्ये उलटी वाचायची सवय असते. कोणीतरी एक पान आपले समजते आहे, हे सोडवेना.

त्या फाल्गुनात घरी जेवताना मी सांगत होतो की रेमेत खाडीत जीव देणार, पण ते पान काही येत नाही, आणि मालक 'समाप्त' घाला म्हणतो. क्लेमेंटिना सोळा वर्षांची होती. मासळी साफ करत होती. ती म्हणाली, "पण रेमेतला पोहता येतं ना? पाचव्या प्रकरणात ती होडीमागे पोहत जाते."

मी म्हटले, "कादंबरी आहे ती."

ती म्हणाली, "मग ती बुडेल कशी? मध्येच विसरेल?"

हात धुऊन ती बसली आणि लिहू लागली. लिहिताना डाव्या हाताची कड ओल्या शाईवरून फिरते, म्हणून तिचे सगळे कागद पुसट असतात, तसा तो आहे. एकदाही खोडलेले नाही. मी तो जसा होता तसा जुळवला. तुझ्या प्रत्येक प्रकरणात मी काना-मात्रा दुरुस्त केल्या होत्या. तिच्या पानात काही लागले नाही.

नाव सांगू नको, असे तिनेच मला बजावले होते. म्हणाली, "त्याचं पुस्तक आहे. माझं फक्त पान."

तेव्हा आता हिशेब असा आहे. ज्या पानावरून लोक तुला ओळखतात ते तिने लिहिले. त्याचा राग तू माझ्यावर धरलास आणि मला दाखवायला दुसरे पुस्तक लिहिलेस. त्यात खूण म्हणून वापरलास तो तिचा हात. तोच हात, विश्राम. चिठ्ठ्या लिहिण्यासाठी नव्हे, तुझा शेवट लिहिण्यासाठी तो एकदा चालला होता.

हे तुला ठाऊक नव्हते, हे मी मान्य करतो. पण तिने कोणाला चिठ्ठी लिहिली नव्हती, हे तुला ठाऊक होते.

काल राखेचा बुधवार होता. पाद्रीबुवांनी कपाळाला राख लावली. माझ्या बोटांना शाई होती ती निघालेली नव्हती. त्यांनी ती पाहिली. देवळातून आल्यावर मी क्लेमेंटिनाला सांगितले की 'पतनमार्ग' मी जुळवली. तिने एवढेच विचारले, "पानाला किती वेळ लागायचा?" मी म्हटले, एक ते दीड तास. ती म्हणाली, "म्हणजे तुला पुष्कळ वेळ होता."

दोन ओळी उद्या सकाळच्या गाडीने कोणाहातीही पाठव. स्टेशनावर मी उभा राहीन.

कॉस्मास


ठाणे, ता. १० मार्च

शुक्रवारी तिन्ही गाड्यांना उभा होतो. शनिवारी सकाळच्या गाडीलाही.

सभा अर्धा तास चालली. एक गृहस्थ तिच्या बाजूने बोलले. ते म्हणाले, पुस्तक म्हणजे पुरावा नव्हे. चिटणीस म्हणाले, "मग लेखक तसं नाकारत का नाही? कल्याण काही विलायतेला नाही. बाईंच्या भावाने त्यांची भेटही घेतली आहे. एका ओळीचं काम. ती येत नाही, यातच काय ते आलं."

म्हणजे तू लिहिलेल्यापेक्षा तू न लिहिलेले जास्त उपयोगी पडले.

तीन विरुद्ध दोन. सोमवारपासून तिने यायचे नाही. पुस्तके, पाट्या, नकाशा, फळा, सगळे शाळेचे, ते शाळेत राहील.

तिने फळा पुसला आणि किल्ली दिली.

कॉस्मास


ठाणे, ता. १७ मार्च

तुझे पाकीट मंगळवारी आले. त्यात तीन कागद होते. एकेकाचे उत्तर देतो.

पहिला, दाखला. 'माझ्या पुस्तकातील स्त्री कल्पित आहे. कोपरीच्या शाळेतील बाई निर्दोष आहेत.' खाली तारीख ८ मार्च. पाकिटावर कल्याणच्या टपालाचा शिक्का ११ मार्चचा. टपालखात्यात कोणाला कादंबरी लिहिता येत नाही, म्हणून मी शिक्क्यावर विश्वास ठेवतो. तू सभा होऊन जाईपर्यंत थांबलास. कागद दिला, असे म्हणायला मोकळा, आणि त्याचे काही झाले नाही म्हणूनही मोकळा.

क्लेमेंटिनाने तो दोनदा वाचला. म्हणाली, "'रेमेत'नंतर इतकी लहान वाक्यं त्यांनी पहिल्यांदाच लिहिली."

दुसरा, तुझे पत्र. तो हस्तलिखित कागद मी जाळून टाकावा, तिचे नाव कोठेही येऊ नये, 'हे तिच्याच हिताचे'. कागद माझा नाही, त्यामुळे मला जाळता येत नाही. तिला विचारले. ती म्हणाली, "मला कोणाला दाखवायचा नाही. पण जाळायचाही नाही. माझ्या अक्षराची एवढी एकच वस्तू छापली गेलीय." कागद तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. एवढे जाणून तू झोपावेस अशी माझी इच्छा आहे.

तिसरा, 'रेमेत'च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी तुझा मूळचा शेवट. रेमेत खाडीत उडी घेते. सोबत परत पाठवतो. मी तो जुळवणार नाही. मालकांना सांगितले आहे. दगडू जुळवील. या वेळी खरोखर दगडू.

आठ वर्षांपूर्वी तुझा शेवट तीन आठवडे उशिरा आला होता, या वेळी तीन दिवस. तेवढी सुधारणा आहे.

आता इकडचे. बुधवारी क्लेमेंटिनाने आमच्या पडवीत चटई टाकली. मी म्हटले, हे तुझ्या पानातले आहे, लोक हसतील. ती म्हणाली, "तेव्हा दुसरं काही सुचलं नव्हतं. आताही सुचत नाही." पहिल्या दिवशी कोणी आले नाही. गुरुवारी दोघी आल्या, शुक्रवारी त्याच दोघी. काल चौघी होत्या, आणि चौथी सखुबाईची नंदा. बापाला सांगून आली की न सांगता, ते आम्ही विचारले नाही. पडवी आदल्या दिवशी सारवलेली. मुली उभ्या राहिल्या. क्लेमेंटिना म्हणाली, "बसा. ओल आहे, तरी बसा." मला तेथे थांबवेना. मी आतल्या खोलीत गेलो. पण दार उघडे होते.

वाचायला पुस्तक नव्हते. सगळी शाळेत राहिलेली. नंदाने ओच्यातून एक काढले. "बाई, आमच्या घरी एवढंच हाय."

'पतनमार्ग'.

क्लेमेंटिनाने ते हातात घेतले. तिने ते आजवर वाचले नव्हते, हे मला तेव्हा कळले. मी सगळे जुळवले, चिटणिसांनी सगळे वाचले, तिने नाही. तिने मागची पाने उघडली. "हे वाच. ठळक अक्षर आहे, स्पष्ट आहे." तेवढे श्रेय मला.

नंदा वाचू लागली. खरोखरच कोठे अडत नाही. अथांग जलराशी, घोर अंधकार, हाय हाय, सगळे सरळ वाचत गेली. चैत्र वद्य पंचमी वाचली, खडवली वाचले, आणि थांबली.

"काय झालं? अडलं?"

"अडला नाय, बाई. खडवली माज्या मामाचा गाव. चैतान तिथं गुडघ्याएवढा पानी असतंय. आमी खेकडे धरतो." तिने पान उलटून पाहिले, पुढे काही खुलासा आहे का. "ही उभी राहिली असती तरी चाललं असतं."

एक मुलगी हसली. मग चौघी हसल्या. एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. क्लेमेंटिना हसली नाही. मुली हसून संपेपर्यंत तिने वाट पाहिली, आणि मग म्हणाली, "हं. आता पुढचं वाक्य वाच. नंदा नको, दुसरी कोणीतरी."

हे माझे शेवटचे पत्र. लोभ मागत नाही.

कॉस्मास